सात फटी, सात इंच

जुन्या जीपचा चेहरा बदलायला थोडे नट-बोल्ट, एक वेल्डिंग मशीन आणि एक मोकळी दुपार पुरते. संभाजीनगरातल्या कुठल्याही जीपवाल्या गॅरेजमध्ये तासभर बसलात, तर दोन मागण्या हमखास कानावर पडतात. एक म्हणजे ‘जाळी बदलायची आहे’ आणि दुसरी ‘लाइट वाढवायची आहे’. जाळी म्हणजे समोरचं ग्रिल. कुणाला नऊ फटींचं मिलिटरी ग्रिल हवं असतं, कुणाला रागीट भुवयांचं ‘अँग्री बर्ड’, आणि जवळजवळ प्रत्येकाला पांढरेशुभ्र एलईडी दिवे. यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं असतं, की गाडी ‘ओरिजिनल’ दिसली पाहिजे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात कुणी ‘ओरिजिनल’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठलं व्हर्जन? हाच प्रश्न जीपला विचारला की मोठी गंमत होते.

१९४० साली अमेरिकन सैन्याला चारही चाकांना ताकद पोचणारी एक हलकी गाडी तातडीने हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये तयार करून दिला. पण बँटमची कुवत छोटी होती, त्यामुळे मोठी कामं गेली विलीज आणि फोर्डकडे. विलीजच्या सुरुवातीच्या ‘एमबी’ जीपचं ग्रिल लोखंडी पट्ट्या एकेक करून वेल्ड केलेलं होतं, आपल्या वाड्यांच्या खिडक्यांच्या गजांसारखं. फोर्डने वेगळा विचार केला. एकच पत्रा प्रेसखाली घालायचा, त्याला नऊ उभ्या फटी पाडायच्या, झालं ग्रिल! हे काम स्वस्त, हलकं आणि झटपट होतं. १९४२ मध्ये विलीजनेही फोर्डचंच ग्रिल घेतलं. म्हणजे आज लोक हौसेने पैसे मोजून जे ‘ओरिजिनल विलीज’ नऊ फटींचं ग्रिल लावतात, ते मुळात फोर्डचं आहे. जीपच्या इतिहासातली ग्रिलची ही पहिली अदलाबदल, आणि ती कारखान्यातच झाली होती.

त्या जीपचे दिवेही बघण्यासारखे होते. ते लहान, ग्रिलच्या मागे दबून बसलेले आणि बिजागरीवर लावलेले असत. रात्री इंजिन बिघडलं तर दिवा आत वळवायचा आणि त्याच्याच उजेडात काम करायचं. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून वेगळे मिणमिणते ‘ब्लॅकआउट’ दिवेही असायचे. युद्धात दिव्याचं काम जितकं दिसण्याचं, तितकंच न दिसण्याचं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली, ‘सीजे-टूए’. आता गाडी साध्या रस्त्यावर येणार होती. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून मोटारींसाठी एकच दिवा ठरलेला होता, सात इंच व्यासाचा गोल ‘सील्ड बीम’. काच, आरसा आणि तार सगळं एका तुकड्यात बंद. नव्या जीपला मोठे दिवे बसले, तेही ग्रिलच्या मागे न दडता पुढे. चेहरा तेवढाच आणि डोळे मोठे, मग फटींना जागा कमी उरली. नवाच्या झाल्या सात.

सात फटी म्हणजे सात खंड, अशी एक कथा इंटरनेटवर फिरते. फोर्डच्या हक्कांमुळे विलीजला आकडा बदलावा लागला, अशी दुसरी. मला मात्र दिव्याचा हिशोब जास्त पटतो. दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. डोळे वाढलेत आणि नाक बारीक झालंय.

हीच जीप मुंबईत आली. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू केली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. जीपचे सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि माझगावच्या कारखान्यात जोडले जायचे. पुढे आली ‘सीजे-थ्रीबी’. तिचं हरिकेन इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं आणि ग्रिलही उंच झालं. गॅरेजच्या भाषेत त्याआधीची ती ‘लो बॉनेट’ आणि ही ‘हाय बॉनेट’. आज हाय बॉनेटला लो बॉनेट करून मागणारे खूप आहेत. पण ते नुसतं जाळी बदलण्याचं काम नाही. बॉनेट बुटकं केलं की खालचं उंच इंजिन कुठे ठेवणार? ग्रिलच्या मागचा रेडिएटर कुठे बसणार? चेहऱ्याच्या मागे अख्खं शरीर असतं.

मराठवाड्यात जीप म्हणजे आधी सरकारी गाडी. तहसील, पंचायत समिती, पाटबंधारे. गावात जीप शिरली की पोरं मागे धावायची आणि मोठी माणसं टोपी सावरायची. नंतर सरकारी लिलावांतून जुन्या जीपगाड्या खासगी हातांत आल्या. पेट्रोल इंजिनं निघून डिझेल बसली, मागे बाकं लागली, आणि सिल्लोड, पैठण, वैजापूरच्या रस्त्यांवर काळी-पिवळी धावू लागली. या प्रवासात कुणाचं ग्रिल कुणाला लागलं, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मोडलं तर मिळेल ते लावायचं, एवढाच नियम. आमच्या काकांची १९६८ ची हाय बॉनेट अशाच एका लिलावातली. तिचा उजवा मडगार्ड एका गाडीचा, डावा दुसऱ्या गाडीचा आणि ग्रिल तिसऱ्या. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली. चुलतभावाचा आग्रह आहे की तिला नऊ फटींचं ग्रिल आणि एलईडी लावून ‘ओरिजिनल’ करूया. त्या आग्रहामुळेच मी हे सगळं वाचायला लागलो.

वाचता वाचता कळलं की या फटींवरून मोठमोठ्या कंपन्या कोर्टात भांडल्या आहेत. १९४३ पासून ‘जीप आम्ही घडवली’ या विलीजच्या जाहिरातीवरूनच अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे वाद चालला होता. हमरच्या सात फटींवर जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, डेमलरक्रायस्लरने, दावा लावला आणि २००२ मध्ये ते हरले. मग पाळी महिंद्राची आली. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ काढली. रस्त्यावर न चालणारी, शेतात-रानात चालवायची गाडी, पण रूप जुन्या जीपचं. त्याच वर्षी १ ऑगस्टला फियाट क्रायस्लरने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने महिंद्राविरुद्ध निकाल दिला. महिंद्राने रॉक्सरचा चेहराच बदलला, आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने तो नवा चेहरा चालेल असं सांगितलं. पुढेही कोर्टात वाद चालू राहिला. मे २०२१ मध्ये नव्या थारवरून ऑस्ट्रेलियात असाच वाद झाला, तेव्हा ९० दिवसांची सूचना दिल्याशिवाय ती तिथे आणणार नाही, अशी हमी महिंद्राने दिली.

आता हे नकाशावर बघा. थार बनते नाशिकला. जीप कंपास बनते रांजणगावला, आपल्या पुण्याच्या रस्त्यावर. दोन्ही ठिकाणं संभाजीनगरपासून तीन-चार तासांवर. एका चेहऱ्यावर हक्क सांगणारे दोन वारस आपल्या दोन बाजूंना बसले आहेत, आणि मधल्या गॅरेजमध्ये एक मिस्त्री थारला रँग्लरची जाळी लावतोय! त्याला कुणी विचारलं तर तो म्हणेल, ‘भैय्या, पत्रा आहे, कापला की बसतो.’

ग्रिलच्या बाबतीत मीही त्याच मताचा झालो. आरसीवर जाळीचा रकाना नसतो. हवा रेडिएटरपर्यंत पोचली आणि मे महिन्यात दौलताबादच्या चढावर इंजिन तापलं नाही, की जाळीचं काम झालं. बाकी सगळी हौस.

दिव्याची गोष्ट मात्र तशी नाही, आणि इथेच माझं आणि चुलतभावाचं वाजतं.

सात इंचाचा गोल दिवा आमच्या भाषेत एक उत्तम ‘इंटरफेस’ आहे. जीप, ट्रक, अ‍ॅम्बेसेडर, बुलेट, सगळीकडे तोच. म्हणून तो बदलणं सोपं. सील्ड बीम काढा, एच-फोर हॅलोजन बल्बची काच लावा, वायर जोडा. पण खाच जुळली म्हणून उजेड जुळत नाही.

एच-फोर बल्बच्या आत दोन तारा असतात, अप्परची वेगळी आणि डिपरची वेगळी. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून आरशाचा वरचाच भाग उजळतो आणि उजेड रस्त्यावर पडतो. समोरच्याच्या डोळ्यांच्या खाली एक स्पष्ट रेघ तयार होते. त्याच काचेत स्वस्त एलईडी बल्ब खुपसला की उजेडाची जागा मिलिमीटरभर सरकते आणि ती रेघ विस्कटते. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख दिसतंय! समोरच्याला काहीच दिसत नाही.

दुसरी मेख याहून बारीक आहे. डिपरची ती रेघ सरळ नसते, रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती डावीकडे चढायला हवी. युरोप-अमेरिकेसाठी बनलेला दिवा ऑनलाइन मागवून लावला, तर ती उजवीकडे चढते. आपल्याकडे उजवीकडे कोण असतं? समोरून येणारा. कन्नडच्या घाटात रात्री दुचाकीवर असताना असा एक दिवा माझ्या डोळ्यांत आला होता. दोन-तीन सेकंद रस्ता, दरी, कठडा, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं झालं. तो जीपवाला कदाचित हात हलवून पुढे गेला असेल, मला तेही दिसलं नाही.

मग काकांच्या जीपच्या पिवळ्या उजेडात रात्री गाडी चालवायची का? तेही धोक्याचंच. पण दिवा मंद का आहे, हे आधी बघावं लागतं. एच-फोरचे दोन अप्पर प्रत्येकी ६० वॅटचे. १२ व्होल्टवर त्यांना १० अँपिअर लागतात. हा सगळा करंट जुन्या, कडक झालेल्या वायरीतून आणि डॅशबोर्डवरच्या झिजलेल्या स्विचमधून जातो. वाटेत व्होल्टेज दहा टक्के पडलं, तर उजेड दहा नाही, जवळपास तीस टक्के कमी होतो. उपाय स्वस्त आहे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर, मध्ये रिले आणि फ्यूज. जुना स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो. आमच्या वायरमन चाचांनी हे काम एका सकाळी केलं. शेवटी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांची रेघ खडूच्या खुणेवर आणली आणि म्हणाले, ‘अब सामनेवाला गाली नहीं देगा.’

कायदा याच भेदाजवळ येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ न झालेली गाडी असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळू शकते. काकांची जीप वयाने बसते. पण तीन गाड्यांचा पत्रा अंगावर असलेल्या जीपचं मूळ रूप कुठलं? तिचा खरा इतिहास तर त्या पत्र्यातच आहे.

आणि दिव्यांचा इतिहास आपल्या गावाला नवा नाही. १९९० मध्ये औरंगाबादेत काम सुरू केलेल्या वॅरॉकने २०१२ मध्ये व्हिस्टिऑनचा जगभरचा वाहनदिव्यांचा व्यवसाय सुमारे ९.२ कोटी डॉलरला घेतला. व्हिस्टिऑन ही २००० मध्ये फोर्डमधून वेगळी झालेली कंपनी. ज्या फोर्डने जीपला नऊ फटींचा चेहरा दिला, त्याच घरातली दिव्यांची शाखा दहा वर्षं वाळूजच्या कंपनीकडे होती. २०२२ मध्ये अमेरिका-युरोपातला तो व्यवसाय एका फ्रेंच कंपनीला विकला गेला.

चुलतभावाशी शेवटी तडजोड झाली. जाळी त्याच्या आवडीची. तो नऊ फटी पाडो नाहीतर अकरा, मी काही बोलणार नाही. दिवे मात्र सात इंची, हॅलोजन, डावीकडे चढणाऱ्या रेघेचे. कारण ग्रिल आपल्या गाडीवर असतं, पण आपल्या दिव्याचा उजेड पडतो तो रस्ता दुसऱ्याचाही असतो.