सर्व्हे झाला, पुढं काय? अहवालापासून निर्णयापर्यंतचा रस्ता आणि सेलूकरांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

कुणी फॉर्म घेऊन मोहल्ल्यात आलं की दारातूनच विचारणा होते, "मागच्या वेळीही लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?" सेलू असो, पाथरी असो की जिंतूर, हा प्रश्न ठरलेला आहे आणि तो रास्तही आहे. घरात माणसं किती, कमावणारे किती, मुलगी कितवीपर्यंत शिकली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे सगळं लोक सांगतात. कामाचा खाडा करून सांगतात. मग त्या माहितीचा अहवाल होतो आणि बऱ्याचदा तो मुंबई-दिल्लीच्या कपाटात जाऊन बसतो.

पण प्रत्येक अहवालाचं असं होत नाही. काही अहवालांनी सरकारला योजना आणायला लावली, काहींनी चुकलेली योजना दुरुस्त करायला लावली. हा फरक कशामुळं पडतो, हे समजून घेतलं तर सेलूसारख्या तालुक्याच्या गावातले लोकही आपली माहिती निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलापर्यंत नेऊ शकतात.

सच्चर अहवाल परभणीपर्यंत कसा आला

केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १७ नोव्हेंबर २००६ रोजी अहवाल दिला आणि त्याच महिन्यात तो संसदेत मांडला गेला. समितीने घरोघर जाऊन नवा सर्व्हे केला नव्हता. जनगणना, नमुना पाहणी, बँका आणि सरकारी खाती यांच्याकडं आधीच पडून असलेली आकडेवारी तिने समाजनिहाय मांडली आणि राज्याराज्यांत फिरून लोकांचं ऐकलं. आकडे सरकारचेच असल्यामुळं ते नाकारणं कुणालाच सोपं नव्हतं.

२००१ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिमांचं प्रमाण १३.४ टक्के होतं, पण आयएएस अधिकाऱ्यांत ते सुमारे ३ टक्केच असल्याचं अहवालाने दाखवलं. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती. आणखी एका आकड्याने मोठा गैरसमज खोडला. 'मुसलमानांची मुलं मदरशातच जातात' असं सर्रास बोललं जायचं, प्रत्यक्षात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मुलं मदरशात शिकत होती. बाकीच्यांना हवी होती ती जवळची, चांगली सरकारी शाळा.

अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याकांचं प्रमाण जास्त आणि सोयी कमी असलेले ९० जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्रातले चार होते: परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशीम. या जिल्ह्यांसाठी २००८-०९ पासून बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला. घरकुलं, अंगणवाड्या, शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रं, वसतिगृहं अशी कामं त्यात धरली होती. दिल्लीतल्या अहवालाचा धागा आपल्या जिल्ह्याच्या फायलीत आला तो असा.

निधी आला, पण वस्तीत आला का?

या कार्यक्रमात एक खोट निघाली. निधी 'जिल्ह्याला' मिळत होता. जिल्हा अल्पसंख्याकबहुल म्हणून निवडलेला, पण अंगणवाडी किंवा शाळाखोली नेमक्या कोणत्या गावात बांधायची हे ठरताना मुस्लिम वस्ती वगळली जाऊ शकत होती. अभ्यासकांनी आणि संघटनांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांत फिरून हेच दाखवून दिलं: पैसा जिल्ह्यात खर्च झाला, ज्यांच्या नावाने आला त्यांच्या मोहल्ल्यात तो कमी पोचला.

या टीकेचा परिणाम झाला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्याऐवजी तालुका म्हणजे ब्लॉक, आणि सोबत काही शहरं, हे नियोजनाचं एकक झालं. २०१८ मध्ये योजनेचं नाव प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम झालं आणि २०२२-२३ पासून ती देशातल्या सगळ्या जिल्ह्यांना खुली झाली. म्हणजे पहिल्या अभ्यासाने योजना आणली आणि नंतरच्या अभ्यासांनी तिची चूक दाखवली. दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते दिल्लीत बसून होत नाही. कोणती खोली कुठं बांधली, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असतं.

वेळ चुकली की काय होतं

राज्यातला अनुभव कडू आहे. महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी डॉ. महमूदुर्रहमान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करायला गट नेमला. त्याचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये आला. म्हणजे पाच वर्षं गेली. अहवालाने ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, सरकारने ५ टक्क्यांचा अध्यादेश काढला.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं मात्र रोखलं नाही. अभ्यासाची आकडेवारी न्यायालयात अशी उपयोगी पडली. पण तोवर सरकार बदललं होतं. अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही, त्याची मुदत संपली आणि मार्च २०१५ मध्ये तो निर्णय कागदावरूनही गेला. अभ्यास उशिरा हाती आला, निर्णय त्याहून उशिरा झाला आणि तो टिकवायला वेळच उरला नाही.

गडचिरोली आणि बीडकडून काय शिकावं

निर्णय बदलवणाऱ्या संशोधनाची महाराष्ट्रातली दोन उदाहरणं आरोग्याची आहेत. ती एका समाजापुरती नाहीत, पण त्यातली पद्धत आपल्या कामाची आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेता येते का, याचा अभ्यास त्यांनी केला. काही गावांत ही सेवा दिली आणि तिची तुलना सेवा नसलेल्या गावांशी केली. सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये राज्यातल्या संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदीपेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करते, त्यामागं हा अभ्यास आहे. पण लेख छापून आल्यानंतरही बारा वर्षं पाठपुरावा करावा लागला.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या बीडचं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण फार आहे, असं महिला शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी पाहणी करून सांगितलं. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून ते देशभर गेलं. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं दिसलं, म्हणजे साधारण सहांत एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांतल्या अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांची देखरेख आली. आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेड-सोनपेठ भागातूनही माणसं तोडणीला जातात, त्यामुळं हा प्रश्न आपल्यालाही लांबचा नाही.

दोन्हीकडं चार गोष्टी सारख्या दिसतात. प्रश्न एकच आणि नेमका होता. आकडा मोजलेला होता, अंदाजपंचे नव्हता. तो कुणाच्या हातातला निर्णय आहे हे माहीत होतं. आणि सांगणारी माणसं एकदा निवेदन देऊन घरी बसली नाहीत.

सेलूत कोणता प्रश्न कुणाकडं न्यायचा

आपल्याकडं बहुतेक निवेदनं थेट मुख्यमंत्र्यांच्या नावाने लिहिली जातात, फोटो निघतो आणि विषय संपतो. निर्णय ज्याच्या सहीने होतो, त्याच्याकडं कागद गेला पाहिजे.

गल्लीतलं पाणी, नाली, दिवे, कचरा हे नगरपरिषदेचं काम, तिथं मुख्याधिकारी आणि आपल्या प्रभागाचे सदस्य. रेशनकार्डाचा प्रश्न तहसील कार्यालयात. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, उर्दू वर्ग, खोल्या यासाठी आधी पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. लसीकरण, आशाताई, उपकेंद्र यासाठी तालुका आरोग्य अधिकारी.

पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते. शक्य तिथं योजनांच्या उद्दिष्टातला आणि निधीतला १५ टक्के वाटा अल्पसंख्याकांसाठी ठेवावा, असं हा कार्यक्रम सांगतो. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पुढच्या वर्षाच्या निधीची जुळवाजुळव मार्चच्या बरीच आधी सुरू होते. म्हणून मागणी दिवाळीच्या आसपास पोचलेली बरी. मार्चमध्ये दिलेला कागद बहुधा एक वर्ष मागं पडतो.

सर्वांत जवळची जागा मात्र शाळेतच आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचं काम कायद्याने याच समितीकडं दिलं आहे. म्हणजे कागदावर निर्णयाची खुर्ची आईबापांना मिळालेलीच आहे. अनेक ठिकाणी ती फक्त सहीपुरती वापरली जाते, हा भाग वेगळा.

आपला छोटा अभ्यास असा करा

देशाची शेवटची जनगणना २०११ ची आहे आणि पुढची २०२७ ची. म्हणजे आज मोहल्ल्याबद्दल जे आकडे सरकारकडं आहेत ते जुने झालेत. तेव्हा जन्मलेलं मूल आता दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहे. ही पोकळी गावातली शिकलेली पोरं-पोरी भरू शकतात.

एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, "सातवीनंतर किती मुलींनी शाळा सोडली आणि का?" एका प्रभागातली सगळी घरं मोजा, फक्त ओळखीची नव्हे. मुलीशी आणि तिच्या आईशी बोलायला बाईच असावी. माहिती कशासाठी घेतोय ते सांगा आणि नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या. अहवालात कुणाचं नाव किंवा घर ओळखू येईल असं काही लिहू नका. लोकांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे.

आकडा आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध निघाला तरी तोच लिहा. मुली शाळा लांब आहे म्हणून थांबल्या की घरच्यांनी लवकर लग्न लावलं म्हणून, दोन्ही कारणं खरी असतील तर दोन्ही यायला हवीत. एकदा आकडा फुगवलेला सापडला की पुढच्या दहा खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

मग दोन पानांचं टिपण मराठीत करा: प्रश्न काय, किती घरं मोजली, काय आढळलं, नेमकं काय हवं. "शिक्षणाची सोय करावी" असं मोघम नको. "अमुक शाळेत आठवीचा वर्ग जूनपासून सुरू करावा" असं लिहा. कार्यालयात आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. आपल्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, १५ कलमी समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तात काय आहे, जन विकास कार्यक्रमातून तालुक्यात कोणती कामं कुठं झाली, हे असं विचारता येतं.

आणि शेवटचं काम, जे मोठमोठ्या संस्थाही विसरतात. ज्यांच्या दारात जाऊन माहिती घेतली, त्यांना निष्कर्ष परत सांगा. जुम्म्याच्या नमाजनंतर दहा मिनिटं, शाळेच्या पालकसभेत, बायकांच्या बचत गटात, जिथं जमेल तिथं. मागणी मान्य झाली असेल तर तसं सांगा, फेटाळली असेल तर कुणी आणि कोणतं कारण देऊन फेटाळली तेही सांगा. पुढच्या वेळी फॉर्म घेऊन गेल्यावर दारातून तोच प्रश्न आला, तर तुमच्याकडं उत्तर असेल.