लक्ष्य यंत्ररचना

लक्ष्य यंत्ररचना : सॉफ्टवेअर पॅकेज ज्या प्रोसेसरवर चालणार असते, त्याच्या आज्ञासंचाची बांधणीच्या वेळी केलेली निश्चिती. कंपायलर मूळ आज्ञावलीचे रूपांतर विशिष्ट आज्ञासंचातील यंत्रसंकेतात करत असल्याने एक्स८६-६४ साठी बांधलेले पॅकेज एआरएम प्रोसेसरवर थेट चालत नाही.

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बांधणी पद्धतीत तीन यंत्रे मानली जातात. बांधणी जेथे होते ते ‘बिल्ड’ आणि तयार आज्ञावली जेथे चालते ते ‘होस्ट’ होय. ‘टार्गेट’ ही संज्ञा मात्र बांधली जाणारी आज्ञावली स्वतःच कंपायलरसारखे साधन असेल तेव्हाच लागू पडते व ते साधन ज्या यंत्रासाठी संकेत निर्माण करणार ते यंत्र दर्शवते. बिल्ड आणि होस्ट यांची रचना भिन्न असल्यास त्या प्रक्रियेला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजच्या नियंत्रण फाइलीत ‘एनी’ असे नमूद केल्यास प्रत्येक यंत्ररचनेसाठी स्वतंत्र पॅकेज बांधले जाते, तर ‘ऑल’ हे मूल्य फॉन्ट किंवा दस्तऐवज यांसारख्या यंत्रनिरपेक्ष सामग्रीसाठी असते. आरपीएम या पॅकेज पद्धतीत अशा सामग्रीसाठी ‘नोआर्क’ वापरतात.

जीसीसी या जीएनयूच्या कंपायलरला ‘मार्च’ पर्यायात ‘नेटिव्ह’ हे मूल्य दिल्यास बांधणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरनुसार संकेत तयार होतो व तो जुन्या प्रोसेसरवर अवैध आज्ञेमुळे बंद पडू शकतो. म्हणून सार्वजनिक वितरणासाठी आज्ञासंचाची किमान पातळी विचारपूर्वक ठरवावी लागते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ (२०२२) मध्ये ती एक्स८६-६४-व्ही२ अशी उंचावण्यात आली, त्यामुळे नव्या आज्ञांचा लाभ मिळाला, परंतु जुनी यंत्रे वगळली गेली.