थांबून थांबून बोलणारा गुंड

टोळीचा म्होरक्या टेबलाशी बसलाय. एकाचा काटा काढायचा हुकूम तो साथीदारांना देतो, पण एकेक शब्द सुटा, मध्ये दीर्घ विराम. परक्या देशातल्या पाहुण्याला पत्ता समजावून सांगावा तसा! खून करण्याला अमेरिकेतल्या गुंडांच्या बोलीत ‘गाडीतून फिरवून आणणं’ म्हणत. म्होरक्या झालेल्या व्हीलर ओकमनच्या तोंडून ते वाक्य इतकं रखडत येतं, की आज थरकापाऐवजी हसू फुटतं.

हा ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’. जुलै १९२८ मध्ये आलेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलणारा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. लांबी जेमतेम ५७ मिनिटं. आदल्या वर्षीच्या ‘द जाझ सिंगर’चा गवगवा मोठा, पण त्यात संवाद मोजकेच होते. वॉर्नर ब्रदर्सने दिग्दर्शक ब्रायन फॉयला दोन रिळांचा लघुपट करायला सांगितलं होतं. मालकांची पाठ वळली आणि फॉयने तो वाढवत नेला. खर्च सुमारे २३ हजार डॉलर, कमाई दहा लाखांच्या वर. मग कोण कशाला रागावतंय?

गोष्ट दारूबंदीच्या काळातली. गावाकडचे दोन न्हावी न्यूयॉर्कला येऊन दुकान थाटतात. दुकान नावाला, आड धंदा चोरट्या दारूचा.

रखडण्याला कारण होतं यंत्र. व्हिटाफोन पद्धतीत आवाज १६ इंची तबकडीवर कोरला जाई. एक तबकडी एका रिळापुरती, म्हणजे सुमारे अकरा मिनिटांची, आणि कोरलेला आवाज कापून जोडायची सोय नाही. कॅमेऱ्याच्या घरघरीमुळे तो आवाजबंद खोक्यात कोंडलेला. मायक्रोफोन जागचा हलत नसे. म्होरक्याच्या टेबलावरच्या टेलिफोनातच तो दडवला होता, असं सांगितलं जातं. नट त्याच्याभोवती घोटाळत, त्याच्यापासून लांब गेले की गप्प होत. मूकपटाचा कॅमेरा तोवर पाखरासारखा भिरभिरायला शिकला होता. त्याचे पंखच छाटले गेले. या साऱ्या तारांबळीची यथेच्छ टिंगल पुढे १९५२ च्या ‘सिंगिन’ इन द रेन’ने केली.

तेव्हाच्या प्रेक्षकांना मात्र या रखडण्याचं सोयरसुतक नव्हतं. पडद्यावरचा बदमाश बोलतोय, हेच नवल.

तीन वर्षांत यंत्रं सुधारली. १९३१ मध्ये ‘द पब्लिक एनिमी’त गुंडाच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी आला, आणि त्याच्या तोंडचे शब्द बंदुकीच्या फैरीसारखे सुटू लागले.