प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रण

प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रण हा वन्यजीव छायाचित्रणाशी निगडित प्रकार असून त्यात बंदिस्त जागेत ठेवलेल्या प्राण्यांची छायाचित्रे घेतली जातात. प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कठडा, खंदक, जाळी किंवा काच असल्यामुळे या प्रकारात टेलिफोटो झूम भिंगाचा वापर प्रामुख्याने होतो. मुंबईत भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अर्थात राणीची बाग, हे अशा छायाचित्रणाचे परिचित ठिकाण आहे. योग्य भिंग योग्य रीतीने वापरल्यास जाळी चित्रातून जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे असे चित्र जंगलात टिपल्याचा समज होऊ शकतो आणि प्राणी बंदिस्त असल्याची नोंद करणे आवश्यक ठरते.

इतिहास

प्राणिसंग्रहालयांतील छायाचित्रणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. झेब्र्याचा भाऊबंद असलेल्या क्वागाची जिवंतपणी घेतलेली जी मोजकी छायाचित्रे ज्ञात आहेत, ती सर्व लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची असून इ.स. १८६३ ते १८७० या काळातील आहेत. जगातील शेवटचा ज्ञात क्वागा इ.स. १८८३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे मरण पावला. टास्मानियातील थायलासिन या प्राण्याचे चलच्चित्र इ.स. १९३३ मध्ये होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयात घेण्यात आले. शेवटचा ज्ञात थायलासिन तेथेच इ.स. १९३६ मध्ये मरण पावला. नामशेष झालेल्या या प्रजातींच्या अभ्यासात प्राणिसंग्रहालयातील चित्रे महत्त्वाचा पुरावा ठरली आहेत.

छायाचित्रणासाठी टेलिफोटो भिंगाची रचना इ.स. १८९१ च्या सुमारास इंग्लंड व जर्मनीत स्वतंत्रपणे विकसित झाली. ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीचे पहिले झूम भिंग, फोइक्टलेंडर झूमार, इ.स. १९५९ मध्ये बाजारात आले.

राणीची बाग

भायखळा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस असलेली ही बाग इ.स. १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने खुली झाली. प्राणिसंग्रहालयाचा भाग तिला नंतर जोडण्यात आला. तिची व्यवस्था बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. इ.स. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला, तर उरलेल्यांचे दालन मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. इ.स. २०२० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी आणण्यात आली. नूतनीकरणानंतर अनेक ठिकाणी जुन्या पिंजऱ्यांच्या जागी काचेच्या दर्शनी भिंती आल्या. त्यामुळे येथे छायाचित्रकाराला जाळी आणि काच या दोन्ही अडथळ्यांचा विचार करावा लागतो.

भिंगाची निवड

पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंगाचा कर्णीय दृष्टिकोन सुमारे ४७ अंश, तर ४०० मिमी भिंगाचा सुमारे ६ अंश असतो. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर दृश्य आणखी आक्रसते, १.५ पट गुणकाच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी भिंग ४५० मिमीइतके दृश्य देते. ७०–३०० मिमी आणि १००–४०० मिमी ही झूम भिंगे प्राणिसंग्रहालयात सोयीची ठरतात. १५०–६०० मिमी भिंगे जड असतात व जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाहीत. काचेला खेटून उभा असलेला पेंग्विन अशा भिंगाच्या किमान फोकस अंतराच्या आत येतो आणि त्याचे चित्र धूसर राहते.

कॅमेरा हातात धरताना शटरचा काळ नाभीय अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठेवण्याचा संकेत आहे. म्हणजे ४०० मिमीवर १/४०० सेकंद किंवा त्याहून कमी काळ. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा हाताची थरथर कमी करते. मात्र प्राण्याची हालचाल तिने थांबत नाही, त्यासाठी शटरचा काळच कमी ठेवावा लागतो.

जाळीतून छायाचित्रण

जाळी नाहीशी होण्यामागे भिंगाच्या छिद्राचा आकार कारणीभूत असतो. नाभीय अंतरास एफ-क्रमांकाने भागल्यास छिद्राचा दृश्य व्यास मिळतो. ५० मिमी भिंगावर एफ/५.६ ला हा व्यास सुमारे ९ मिमी असतो. भिंगासमोर आलेली ३ मिमी जाडीची तार त्याचा बराच भाग अडवते. ४०० मिमी भिंगावर त्याच एफ-क्रमांकाला व्यास सुमारे ७१ मिमी असल्याने तारेच्या दोन्ही बाजूंनी पुरेसा प्रकाश आत येतो. तार इतकी धूसर होते की ती चित्रात वेगळी ओळखू येत नाही, फक्त उजेड व रंगभेद काहीसा कमी होतो.

यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात :

- छिद्र शक्य तितके मोठे, म्हणजे एफ-क्रमांक लहान ठेवणे.
- कठडा न ओलांडता जाळीच्या शक्य तितके जवळ उभे राहणे.
- प्राणी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबणे. तो जाळीला लागून असेल तर प्राणी व तार दोन्ही स्पष्ट दिसतात.
- ऊन पडलेल्या चकाकत्या तारांऐवजी सावलीतील जाळीमागून चित्र घेणे. उजळलेली तार चित्रावर पांढुरके पटल आणते.
- स्वयंचलित फोकस जाळीवर अडकत असल्यास एकच लहान फोकस बिंदू निवडणे किंवा हाताने फोकस करणे.

काचेतून छायाचित्रण

काचेत छायाचित्रकाराचे व मागच्या गर्दीचे प्रतिबिंब पडते. रबरी हूड काचेला अलगद टेकवल्यास बाजूचा प्रकाश अडतो. गडद कपडे घातल्यानेही प्रतिबिंब कमी होते. भिंग काचेला शक्य तितके काटकोनात धरावे लागते, कारण जाड काचेतून तिरपे पाहिल्यास प्रतिमा विकृत होते. ध्रुवण फिल्टर तिरप्या कोनातील प्रतिबिंब कमी करतो, परंतु तो बराच प्रकाश शोषतो. त्यामुळे पेंग्विन दालनासारख्या मंद उजेडाच्या जागी त्याचा उपयोग मर्यादित आहे. तेथे पाण्यात वेगाने पोहणारा पक्षी टिपण्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो व चित्रातील कण स्वीकारावे लागतात. फ्लॅश काचेवर परावर्तित होतो आणि प्राण्यालाही त्रासदायक ठरू शकतो.

हवामान व उपकरणांची निगा

हम्बोल्ट पेंग्विन हे पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरील पक्षी असल्याने त्यांचे दालन वातानुकूलित आहे. तेथून मुंबईच्या दमट हवेत बाहेर येताच थंड झालेल्या भिंगावर बाष्प साचते. कॅमेरा काही वेळ बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ दिल्यास हे टळते. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी वाढण्याचा धोका असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह उपकरणे ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

नियम व प्राण्यांचे हित

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, तसेच आवाजाने किंवा अन्य प्रकारे त्यांना त्रास देणे निषिद्ध आहे. प्राण्याने कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून काच ठोठावणे, शिट्टी वाजवणे किंवा टाळ्या पिटणे हेही या तरतुदीच्या कक्षेत येते. दुपारी अनेक प्राणी विश्रांती घेतात, त्यामुळे चांगल्या चित्रासाठी सकाळी पोहोचून वाट पाहणे श्रेयस्कर असते. राणीच्या बागेला बुधवारी साप्ताहिक सुट्टी असते.

बंदिस्त प्राणी कधीकधी एकाच मार्गावर पुन्हा पुन्हा येरझारा घालतो. हे वर्तन ताणाचे लक्षण असू शकते. स्थिरचित्रात मात्र असा प्राणी डौलात चालत असल्यासारखा दिसतो. भिंग जशी जाळी लपवते तसे एकच क्षण टिपणारे चित्र हे वर्तन लपवते. म्हणून प्राण्याचे काही काळ निरीक्षण करून ते मथळ्यात नमूद करणे अभ्यासकांना उपयोगी ठरते.

नोंद व प्रामाणिकता

बंदिस्त प्राण्याचे चित्र मुक्त वन्यजीवाचे म्हणून सादर करणे हा वन्यजीव छायाचित्रणात गंभीर दोष मानला जातो. फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला इ.स. २००९ चे 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष काढून आयोजकांनी इ.स. २०१० मध्ये ते काढून घेतले. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला.

प्राणिसंग्रहालयातील चित्राच्या नोंदीत प्राण्याचे नाव, संग्रहालयाचे नाव, दिनांक आणि 'बंदिस्त' हा शब्द असणे अपेक्षित असते. क्वागाच्या चित्रांचे मोल आज टिकून आहे त्याचे एक कारण असे की, ती कोणत्या प्राण्याची, कोठे आणि केव्हा घेतली गेली हे ज्ञात आहे. भायखळ्यात टिपलेल्या वाघाच्या चित्रालाही ही नोंद तितकीच आवश्यक आहे.