शिआनच्या तटावर चांगआन शोधताना

१/ शिआनला आलेला प्रवासी पहिल्याच संध्याकाळी नगराच्या तटावर चढतो. भाड्याची सायकल घेतली की जवळजवळ १४ किलोमीटरचा फेरा पुरा होतो. बुरुजांवर लाल कंदील लागतात आणि आपण तांग सम्राटांच्या राजधानीच्या तटावर उभे आहोत, असे त्याला वाटू लागते. वास्तविक हा तट मिंग काळातला, म्हणजे १३७० च्या दशकातला आहे. तांग राजवट त्याआधी साडेचार शतके लयास गेली होती.

२/ तांगांची राजधानी चांगआन या तटाच्या आत मावलीच नसती. ती सुमारे ८४ चौरस किलोमीटरांवर पसरलेली होती. आजच्या तटाआडच्या शहराच्या जवळजवळ सातपट. मग एवढे मोठे नगर गेले कुठे?

३/ इ. स. ५८२ मध्ये सुई सम्राट वेन याने जुन्या हान राजधानीच्या आग्नेयेस नवे नगर वसवण्याची आज्ञा दिली. आखणी युवेन काय या अधिकाऱ्याची. पूर्व-पश्चिम साडेनऊ किलोमीटरांहून अधिक, दक्षिणोत्तर साडेआठ. मधला राजमार्ग सुमारे १५० मीटर रुंद. रस्त्यांच्या काटकोनी जाळ्यात शंभराहून अधिक पेठा होत्या. ‘पेठ’ हा आपला शब्द येथे थोडा फसवा आहे, कारण या प्रत्येक वस्तीला स्वतःची भिंत आणि स्वतःचे दरवाजे होते. सायंकाळी नगारे वाजले की दरवाजे बंद होत, आणि त्यानंतर राजमार्गावर फिरणे हा गुन्हा ठरे.

४/ तरीही हे नगर कोंदट नव्हते. पश्चिमेच्या बाजारात मध्य आशियातले सोग्दी आणि इराणी व्यापारी दुकाने थाटून बसत. अग्निपूजकांची मंदिरे होती, ख्रिस्ती मठ होता. इ. स. ७८१ चा, चिनी आणि सिरियाक अशा दोन लिप्यांतला ख्रिस्ती शिलालेख आज शिआनच्या शिलालेख संग्रहालयात पाहता येतो.

५/ हे वैभव लाकडाचे आणि ठोकून बसवलेल्या मातीचे होते. ७५६ मध्ये आन लुशानच्या बंडखोरांनी, ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने आणि ८८१ मध्ये हुआंग चाओच्या बंडखोरांनी ते घेतले. प्रत्येक वेळी नगर जळाले, लुटले गेले आणि पुन्हा कसेबसे उभे राहिले.

६/ शेवटचा घाव मात्र आगीचा नव्हता. इ. स. ९०४ मध्ये झू वेन या सेनापतीने सम्राट झाओझोंगला लोयांगला हलण्यास भाग पाडले. नागरिकांनाही सोबत हाकलले. राजवाडे आणि घरे उतरवून त्यांचे लाकूड वेई नदीत सोडण्यात आले. तेथून ते पीत नदीमार्गे लोयांगकडे वाहत गेले. जगातले एक सर्वांत मोठे नगर अक्षरशः नदीतून वाहून नेले गेले. त्याच वर्षी सम्राटाची हत्या झाली. ९०७ मध्ये झू वेनने स्वतःची राजवट घोषित केली.

७/ उरली ती वीट आणि दगड. महाहंस पॅगोडा इ. स. ६५२ मध्ये उभारला गेला, युआन श्वांगने भारतातून आणलेले ग्रंथ जपण्यासाठी. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याकडे ६५७ ग्रंथ होते. बांधकामात तो स्वतः विटांच्या पाट्या वाहत असे, असे त्याचे चरित्र सांगते. विटांच्या आवरणात मातीचा गाभा असलेली ती वास्तू लवकरच खचली; आजच्या सात मजली पॅगोडाचे मूळ ७०१ ते ७०४ च्या पुनर्बांधणीत आहे.

८/ मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबायला हवे. हाच प्रवासी ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. त्याच्या वृत्तांतातील ‘मो-हो-ला-चा’ म्हणजे महाराष्ट्र. येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवले; हर्षाला हा प्रदेश जिंकता आला नाही, हेही नोंदवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते अजिंठा होय. ही माहिती चांगआनमध्ये, ६४६ मध्ये ग्रंथबद्ध झाली.

९/ पॅगोडाच्या दक्षिणेला आज तांग शैलीचा झगमगता नवा रस्ता आहे. छायाचित्रांसाठी ठीक, इतिहासासाठी पावले दुसरीकडे वळवावीत. इ. स. ८३७ मध्ये पूर्ण झालेले कन्फ्यूशियन ग्रंथांचे ११४ शिलापट पाहावेत. ९०४ नंतर हान जियानने राजधानीच्या मधल्या शासकीय भागापुरतेच छोटे नगर पुन्हा उभे केले, तेव्हा हे पट तटाबाहेर, उघड्या रानात राहून गेले. पुढे त्यांना आत आणले गेले आणि १०८७ मध्ये ते आजच्या जागी आले.

१०/ आणि तटावरचा तो प्रवासी? तो पूर्णपणे चुकलेला नाही. हान जियानच्या त्या आखूड नगराचीच दक्षिण आणि पश्चिम रेषा मिंगांनी पुढे चालवली. नैर्ऋत्येकडील हानग्वांग दरवाजापाशी तटाच्या पोटातच एक छोटे संग्रहालय आहे. तेथे मिंगांच्या विटांआड तांगकालीन दरवाजाचे अवशेष आणि तटाचे एकावर एक चढलेले मातीचे थर दिसतात. सायकलवाले सहसा त्यावरून पुढे निघून जातात.