पूर्वजांची गती : अहमदनगरच्या ख्रिस्ती धर्मविद्यालयापुढील एक नैतिक प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील विंचूर हे विंचूरकर सरदारांच्या जहागिरीचे गाव. त्याच्या पश्चिमेस नाशिक येथे १८३२ पासून चर्च मिशनरी सोसायटीचे, तर दक्षिणेस अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य चालू होते. या मुलखात गावोगावच्या पारावर उभ्या राहणाऱ्या उपदेशकास एका प्रश्नाचा सामना करणे अपरिहार्य होते : ख्रिस्ताचे नावही कानी न पडता जे निवर्तले, त्या आमच्या वाडवडिलांची गती काय?

आरंभीच्या पिढीतील धर्मसमर्थनाचा रोख खंडनावर होता. मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी झालेल्या वादानंतर मोरभट दांडेकर यांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, आणि १८३२ मध्ये विल्सन यांनी तिला उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. अशा वादांत प्रतिपक्षाच्या ग्रंथांतील विसंगती दाखविणे हेच मुख्य शस्त्र असे. परंतु पूर्वजांविषयीचा प्रश्न ग्रंथप्रामाण्याचा नसून ईश्वराच्या न्यायाचा होता. ज्यास ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यास शिक्षा का? येथे धर्मसमर्थनास नीतिशास्त्राच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागते.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला. येल व अँडोव्हर येथे शिक्षण घेऊन ते १८७४ मध्ये मिशनकार्यासाठी हिंदुस्थानात परतले आणि १८७८ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे देशी उपदेशकांच्या शिक्षणासाठी धर्मविद्यालय स्थापन केले. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असता, ख्रिस्ताविषयी काहीही न ऐकता मरण पावलेल्यांना मरणोत्तर संधी मिळेल अशी आशा बाळगण्यास वाव असावा, असे मत त्यांनी अँडोव्हर येथे मांडले. तेथील धर्मपंडितांत हा वाद आधीच पेटलेला होता. ह्यूम यांच्या मिशनची चालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाने त्यांना परत पाठविण्यास प्रथम आक्षेप घेतला. अखेर १८८७ मध्ये अनुमती मिळाली.

या प्रसंगाचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. ह्यूम यांनी आपले मत बदलले असते, तर कदाचित वाद तत्काळ मिटला असता. परंतु श्रोत्यांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्याचे दायित्व टळले नसते. उपदेशक घडविणाऱ्या शिक्षकास स्वतःच्या विवेकास न पटणारे उत्तर विद्यार्थ्यांच्या मुखी घालणे हाच मोठा अनीतीचा प्रकार ठरला असता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानच्या धार्मिक इतिहासाचा सहानुभूतीने अर्थ लावण्याचा प्रयत्न केला.

याच विद्यालयात पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अध्यापन केले. त्यांचे काही शिक्षण नाशिकास झाले होते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यामुळे पूर्वजांच्या गतीचा प्रश्न त्यांच्या ठायी निराळेच रूप धारण करतो. वाडवडिलांची परंपरा ही केवळ खंडनाचा विषय न राहता श्रद्धेचा मार्ग ठरते. विल्सन यांच्या वादांपासून टिळकांच्या भक्तिपर काव्यापर्यंतचा हा प्रवास पाहता, महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मसमर्थनास वळण देण्यात अध्यापकांइतकाच प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांचाही वाटा होता, असे म्हणावे लागते.