दार लावून घेण्याचा हक्क

१८८५ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्हे यांच्यासमोर बायकोने नांदायला यावं म्हणून दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर केलेला खटला चालला, तेव्हा एका घरातलं सगळं शहराला कळलं. लग्नाच्या वेळी मुलगी अकरा वर्षांची होती, नवऱ्याची प्रकृती कशी आहे, तो कोणाच्या आधाराने राहतो, मुलीच्या विधवा आईने पुनर्विवाह केला, तिच्या वडिलांची मालमत्ता कोणाच्या नावे झाली. कोर्टात बोललं गेलेलं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येत होतं आणि त्यावर आठवडाभर अग्रलेख, पत्रं, चर्चा चालत होत्या. १८८७ मध्ये दादाजींनी स्वतःची बाजू मांडणारी पुस्तिका छापली. त्यातल्या आरोपांना रखमाबाईंना जाहीरपणेच उत्तर द्यावं लागलं.

याच रखमाबाईंनी १८८५ मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर पत्रं लिहिली होती. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाची. स्वतःच्या मनातलं लिहिता आलं ते नाव झाकूनच आणि नाव लागलं तिथे, म्हणजे कोर्टात, काहीच झाकता आलं नाही. महाराष्ट्रातल्या एका कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी नोकरी केली, तेव्हापासून रखमाबाईंचा खटला मी पुन्हा पुन्हा वाचत आले. प्रत्येक वेळी वाटतं, नवऱ्याबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं हे त्या बाईला पहिल्यांदा एखाद्या बंद खोलीत, कुणा परक्या पण तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला सांगता आलं असतं तर? निकाल कदाचित तोच लागला असता. न्यायमूर्ती फॅरन यांनी १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला, त्याच्यामागे कायदा होता. पण आईच्या पुनर्विवाहाची चर्चा चौकात झाली नसती.

अशी खोली आपल्याकडे नव्हतीच. नवराबायकोचं भांडण जातपंचायतीपुढे जायचं, म्हणजे पारावर किंवा देवळात, सगळ्या जातभाईंच्या देखत. त्याहून घरगुती मार्ग म्हणजे थोरला काका किंवा मामा मध्ये पडायचा. तो चांगला असला तरी दोघांचाही नसायचा, एकाच बाजूचा असायचा, आणि त्याला सांगितलेलं पुढच्या लग्नकार्यात दहा जणांना माहीत असायचं.

इंग्रजांनी १८७२ मध्ये पुराव्याचा कायदा आणला. त्याच्या कलम १२६ ने वकिलाला अशिलाचं गुपित उघड करायला मनाई केली. कलम १२२ ने नवराबायकोतल्या बोलण्यालाही संरक्षण दिलं, पण त्यातच अपवाद ठेवला: दोघांमधलाच दावा असेल तर हे संरक्षण नाही. संसार मोडायला आला की नेमकं त्याच वेळी कायदा बाजूला व्हायचा. डॉक्टरचं नाव त्या कलमांत नव्हतं. समुपदेशक तर तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

गुपित सांगायला आपल्याकडे पहिली भरवशाची जागा मिळाली ती टपालात, असं मला वाटतं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. तिथे पत्राने विचारता येत होतं, तोंड दाखवावं लागत नव्हतं. ज्या गोष्टी वैद्यापुढे काढायलाही माणसं लाजत, त्या कर्व्यांना लिहून पाठवत. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या अखेरीपर्यंत चाललं. माझ्या व्यवसायाची वंशावळ कोणी विचारली तर मी कर्व्यांपासून सुरू करते. ज्यांनी ती पत्रं लिहिली त्यांचा विश्वास कर्व्यांच्या ज्ञानावर होता तितकाच त्यांच्या मौनावर होता.

पुढचे टप्पे भरभर सांगते. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने वर्षभरात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. १९८४ मध्ये याच संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेल्या कार्यकर्तीसमोर बाईने बोलायचं, ही कल्पना तेव्हा फार धाडसाची होती. त्याच वर्षी संसदेने कुटुंब न्यायालय कायदा केला. त्याच्या कलम ११ नुसार दोघांपैकी एकानेही मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. रखमाबाईंच्या खटल्यानंतर शंभर वर्षांनी कोर्टाचं दार लागलं.

महाराष्ट्राने १९८७ मध्ये नियम केले आणि १९८९ मध्ये पुण्यात व मुंबईत न्यायालयं सुरू झाली. त्या नियमांत समुपदेशकाविषयी जे लिहिलं आहे ते मला पाठ आहे. समुपदेशकाने घरी भेट द्यावी, नातेवाइकांशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलावं, लागलं तर नोकरीच्या ठिकाणी चौकशी करावी. इतकं सगळं जमवायचं, आणि मग ते गोपनीय मानायचं. समुपदेशकापुढे केलेलं विधान, त्याची टिपणं, त्याने गोळा केलेली माहिती कोर्टापुढेही उघड करायला लावता येणार नाही, दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय. आणि समुपदेशकाला साक्षीला बोलावता येणार नाही.

‘दोन्ही पक्षांची संमती’ या शब्दांतच या नियमाचा सगळा जीव आहे. गुपित समुपदेशकाच्या मालकीचं नाही. न्यायाधीशांच्याही नाही. नवरा परवानगी देतो आणि बायको देत नाही, तर कागद कपाटातच राहतो. सुरुवातीला वकिलांना हे पटायचं नाही. कॉरिडॉरमध्ये गाठून विचारायचे, “मॅडम, पार्टी आत काय म्हणाली, तेवढं सांगा ना, तडजोडीलाच मदत होईल.” मदत झालीही असती. पण एकदा सांगितलं की त्या दाराला अर्थ राहत नाही, आणि पुढच्या तारखेला येणारं जोडपं आत काहीच बोलत नाही.

कोर्टाला माझ्याकडून जायचं ते एवढंच: दोघं हजर होते की नाही, किती तारखांना आले, तडजोड झाली की नाही. झाली तर कलमवार लिहून दोघांच्या सह्या आणि खाली माझी प्रतिसही. कच्ची टिपणं वेगळ्या फाइलीत, त्यांवर नावं नाहीत, फक्त अर्जाचा क्रमांक. कपाटाची किल्ली शिपायाकडे द्यायची नाही. आई, सासू, मानलेले मामा बाहेर बाकावर. शिपाई दाराशी येऊन नावं मोठ्याने पुकारतो ही कोर्टाची जुनी रीत. समुपदेशनासाठी मी ती बंद करवली आणि क्रमांक पुकारायला लावला, कारण त्या बाकांवर एकाच गावची, एकाच सोसायटीची माणसं बसलेली असतात.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. बायकोची तक्रार होती की नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, तो दिवसभर कुठे असतो कळत नाही. एकट्याला बोलावल्यावर तो म्हणाला, नोकरी जाऊन बरेच महिने झाले. रोज डबा घेऊन निघायचा आणि एका बागेत बसून राहायचा. बाहेर बायको बसली होती. तिला मी एक वाक्य सांगितलं असतं तर तिचा संशय तिथल्या तिथे संपला असता. पण ते वाक्य त्याचं होतं. काही तारखा गेल्या, तिला त्रास झाला, मलाही झाला. मग एका दुपारी त्याने त्याच खोलीत, माझ्यादेखत, तिला स्वतः सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, “मग डबा कुठे बसून खायचास?” तिथून त्यांचं बोलणं सुरू झालं.

या नियमालाही कडा आहेत आणि त्या असायला हव्यात. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात घरातलं वातावरण, मुलाचं आईवडिलांशी नातं यांवर समुपदेशक कोर्टाला अहवाल देऊ शकतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ताब्याच्या एका खटल्यात मुलाच्या हिताच्या प्रश्नात असा अहवाल पाहता येतो असं सांगितलं. हे मला मान्य आहे, एका अटीवर: मुलाला आधी कळलं पाहिजे. रंगाचे खडू पुढे ठेवताना मी म्हणायची, “तू जे सांगशील त्यातलं काही मी जजसाहेबांना सांगणार आहे बरं का.” काही मुलं त्यावर गप्प बसायची. तो त्यांचा हक्क होता. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर मुलावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवला. तेही पहिल्या भेटीतच सांगायचं, नंतर नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं होतं की बंद दाराआडची गोपनीयता टिकायची तर समेटाचे प्रयत्न व्हिडिओवर होऊ नयेत. तीन वर्षांत कोरोना आला आणि समुपदेशन फोनवरच करावं लागलं. त्या काळात मी प्रत्येकाला आधी विचारायची, खोलीत आणखी कोण आहे? पलीकडे सासूचा खोकला ऐकू यायचा. एक मुलगी गच्चीत जाऊन बोलायची, एकजण पार्क केलेल्या गाडीतून.

आता फोन पर्समध्येच चालू असतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. आधार तोच, कलम १२२ मधला १८७२ चा अपवाद. कायद्याच्या अंगाने निकाल समजतो, पण काळजी वाटते. घरातल्या स्वयंपाकघरातलं भांडण कोर्टात वाजवता येतं हे कळलेली माणसं समुपदेशकाच्या खोलीतही तोलूनमापून बोलणार.

कुटुंब न्यायालयातल्या खोलीला निदान १९८७ चे नियम आहेत. एखादी तरुण समुपदेशक कोथरूडला दोन खोल्या भाड्याने घेऊन काम करते, तिला काय आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि सेवा देणाऱ्याला ती पाळायला सांगतं. पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात वकिलाला जे कवच १८७२ पासून होतं ते कायम राहिलं, समुपदेशकाचं नाव तिथे आजही नाही. समन्स आलं तर तिने काय करायचं? साक्ष अधिनियमातलं हे कवच समुपदेशकालाही मिळायला हवं असं मी मागत राहणार आहे. तोवर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते: टिपणात कामापुरतंच लिहा, नाव आणि मजकूर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा की आपण काय झाकू शकतो आणि काय नाही, आणि दोघांचे फोन बंद करून टेबलावर ठेवायला लावा, स्वतःचा धरून.